दोष कार्डाचा कीं जागेचा?

आम्ही शाळेंत शास्त्र शिकवितों, आणि 'एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, बाकीच्या जशाच्या तशा ठेवाव्या' हें वाक्य गेलीं वीस वर्षें आम्ही दर इयत्तेस ऐकवीत आलों आहों. तें वाक्य आमच्या स्वतःच्या घरीं, स्वतःच्या टेबलावर, आम्हीं कसें पाळलें नाहीं, आणि त्यापायीं एका मुलाला वर्षभर खोटा ठरवून कसे बसलों, त्याची ही हकीकत आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना ती अर्धवट ठाऊक आहे. तेव्हां ती पुरी सांगितलेली बरी.

आमचें घर श्रीवर्धनास, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर आहे. चिरंजिवांना लहानपणापासून संगणकावरील खेळांचा नाद. आम्हीं त्यावर बरेंच कडू बोलून पाहिलें. परंतु २०१८ सालीं त्यांनीं बक्षिसांचे व शिकवणीचे पैसे सांठवून, मुंबईस लॅमिंग्टन रोडवर दोन खेपा घालून सुटे भाग आणले व घरींच एक यंत्र जुळविलें, तेव्हां आम्हांस मनांतून अभिमानच वाटला. दोन्ही खेपांस त्यांचा एक वर्गमित्र बरोबर होता. आमच्या हाताखालींच तो शिकला. त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. 'तो मुलगा' एवढ्यानें काम भागेल. दोघांनीं एकाच दिवशीं एकाच जातीचीं दोन ग्राफिक्स कार्डें घेतलीं. त्या जातीचें नांव जीटीएक्स १०७०. एक आमच्या यंत्रांत बसलें, एक त्याच्या.

ज्या पालकांस हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. संगणकाच्या पडद्यावर जें चित्र हलतांना दिसतें तें वस्तुतः हलत नसतें. सिनेमाच्या फितीप्रमाणें एकामागून एक स्थिर चित्रें, सेकंदाला साठ किंवा त्याहूनहि अधिक, पडद्यावर येत असतात. खेळाडू जसा वळेल तसें तें चित्र जागच्या जागीं नव्यानें काढावें लागतें, आणि तें काढणें हेंच या कार्डाचें काम. आतां एका कारागिरास काम झेपेनासें झालें तर दुसरा जोडीस घ्यावा, ही कल्पना कोणालाहि सुचेल. १९९८ सालीं थ्रीडीएफएक्स नांवाच्या अमेरिकन कंपनीनें आपलीं व्हूडू-२ जातीचीं दोन कार्डें जोडण्याची सोय काढली. त्यांत चित्रांतील सम ओळी एक कार्ड काढी व विषम ओळी दुसरें. ती कंपनी पुढें बुडाली, तिची बहुतेक मालमत्ता एनव्हिडिया कंपनीनें घेतली, आणि २००४ सालीं 'एसएलआय' हीं जुनींच आद्याक्षरें ठेवून निराळी रीत प्रचारांत आणली. या रीतींत कार्डें बहुधा ओळी वाटून न घेतां अख्खीं चित्रें वाटून घेतात: पहिलें चित्र एकानें काढावें, दुसरें दुसऱ्यानें, तिसरें पुनः पहिल्यानें. आमच्या लहानपणीं पोहे कांडतांना एकाच उखळांत दोघीजणी आळीपाळीनें मुसळ घालीत, त्यांतलाच हा प्रकार. ताल साधला तर काम झपाट्यानें उठतें. पण एकीचा हात क्षणभर मागें पडला कीं सारा घोळ होतो. कार्डांच्या जोडींतहि असेंच होतें. मोजतांना सेकंदास चित्रें भरपूर भरतात, पण तीं सारख्या अंतरानें पडत नाहींत, आणि पाहाणाऱ्याच्या डोळ्यांना बारीक बारीक धक्के बसतात. शिवाय, दोघांजवळ आठ-आठ जीबी स्मृति असली तरी जोडीची सोळा होत नाहीं; कारण जें एकाला पाठ तेंच दुसऱ्यालाहि पाठ असावें लागतें. हें सर्व आम्ही पुढें शिकलों. प्रारंभीं आमचा समज इतकाच कीं, एक बैल जोडला तर गाडी चालते, दोन जोडले तर धांवेल.

३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आमच्या किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. त्या दुपारचें वर्णन आम्ही करीत नाहीं. ज्यांनीं ती पाहिली त्यांना तें नको आहे. आमच्या माडीवरचीं कौलें पत्त्यांसारखीं उडालीं, आणि समुद्राचें पाणी वाऱ्याबरोबर तुषार होऊन खोल्याखोल्यांतून फिरलें. संगणकाची पेटी चिरंजिवांनीं चादरींत गुंडाळून पलंगाखालीं ढकलली होती. वीज परत येण्यास कित्येक आठवडे लागले. तितके दिवस पेटी त्याच दमट चादरींत राहिली. पुढें वीज आली, पेटी पुसली, कळ दाबली, आणि यंत्र पूर्ववत् चालूं लागलें. चिरंजिवांनीं त्या दिवशीं देवापुढें साखर ठेविली.

त्या मुलाच्या घरचें नुकसान असें साखर ठेवून भागण्यासारखें नव्हतें. त्यांची नारळ-सुपारीची वाडी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचें नांव सर्वत्र आहे. पण सुपारीचें झाड उंच व सडपातळ, वाऱ्यापुढें तें टिकत नाहीं. आजोबांनीं लावलेली वाडी एका दुपारीं आडवी झाली. नवें रोप लावल्यापासून फळ धरावयास पांच-सात वर्षें जातात. त्या दिवाळींत त्या मुलानें आपलें कार्ड विकावयास काढलें. दुसरीकडे जाण्याऐवजीं तें आमच्याच घरीं यावें, जोडीला जोड मिळेल, असें चिरंजिवांनीं सुचविलें. किंमत चौदा हजार ठरली. आम्हीं ती रोख दिली आणि आपण मोठा उपकार केला असें मनांत म्हटलें, हेंहि येथें नमूद करून ठेवतों.

दुसरें कार्ड खालच्या स्लॉटांत बसलें. दोहोंना जोडणारा लहानसा पूल वरून बसविला. विजेकरितां नवी तार लागली नाहीं. एसएमपीएसपासून निघालेल्या एकाच केबलला दोन टोंकें होतीं. त्यांतील जवळचें टोंक पहिल्या कार्डांत पूर्वींपासून होतेंच. दूरचें टोंक दोन वर्षें रिकामें लोंबत होतें, तें दुसऱ्यांत खुपसलें. पहिल्या रात्रीं वीस मिनिटें खेळ अतिशय सुरेख चालला. नंतर पडदा एकाएकीं काळा झाला, कार्डाचे पंखे सोसाट्यानें फिरूं लागले, आणि यंत्र बंद करून पुनः चालू केल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

तेव्हांपासून रोज तेंच. कधीं वीस मिनिटांनीं, कधीं पंचविसांनीं. ड्रायव्हर समूळ काढून नवा घातला. पूल उलटा करून पाहिला. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानें घांसल्या, कां कीं आमच्याकडील प्रत्येक कारागीर प्रथम तेंच करतो. पेटीचें दार काढून समोर टेबलफॅन लावला. दुसरें कार्ड काढलें कीं सर्व ठीक. घातलें कीं वीस मिनिटांनीं अंधार. एका दुरुस्तीवाल्यानें नुसतें ऐकूनच सांगितलें, "दुसरं कार्ड गेलेलं आहे." तरी आम्ही शास्त्राचे शिक्षक! आम्हीं म्हटलें, थांबा, निर्णायक प्रयोग करूं. पहिलें कार्ड काढलें व दुसरें एकटेंच, जेथें होतें तेथेंच ठेवून, चालविलें. अर्ध्या तासानें पडदा काळा. शिवाय तें बाहेर काढून पाहातां त्याच्या विजेच्या खोबणीच्या कडेला प्लॅस्टिकवर एक तपकिरी डाग आढळला. आमची खात्री पटली.

आम्हीं त्या मुलाला बोलावून घेतलें. तो आला, दारांतच उभा राहिला. "सर, माझ्याकडं दोन वर्षं चालत होतं. रात्र रात्र चालत होतं."

आम्हीं त्याला डाग दाखविला.

तो बराच वेळ पाहात राहिला. "हा माझ्याकडं नव्हता, सर."

"डाग आपोआप पडत नाहीं," आम्ही म्हणालों. वाक्य खरें होतें, आणि तेंच आज आम्हांला सर्वांत अधिक टोंचतें.

चार दिवसांनीं त्याचे वडील आले. बसा म्हटलें तरी ते बसले नाहींत. पाकिटांतून सात हजार रुपये काढून त्यांनीं टेबलावर ठेविले. "अर्धे आज आणलेत, मास्तर. बाकीचे शिमग्यापर्यंत देतो. वस्तू राहू दे तुमच्याकडंच, बिघडलेली वस्तू आम्ही नेऊन काय करणार?" आम्हीं बाकीच्या पैशांस नको म्हटलें, ते सात हजार मात्र घेतले. त्या वर्षीं त्या घरांत सात हजार रुपये म्हणजे काय, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. चिरंजीव आंतल्या खोलींत होते. ते बाहेर आले नाहींत. दोघे मित्र रोज रात्रीं आपापल्या घरून एकत्र खेळत, तें त्या दिवसापासून थांबलें. संध्याकाळीं वाळूवर फिरावयास जाणेंहि थांबलें. कार्ड एका कापडांत गुंडाळून आम्हीं कपाटांत टाकलें.

वर्ष गेलें. डिसेंबर २०२१ मध्यें आम्ही एका वर्गास चुंबकत्व शिकवीत होतों. आपल्या जिल्ह्यांत राहून अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट न सांगणें आम्हांस पाप वाटतें, म्हणून ती नेहमींप्रमाणें सांगितली. मुंबईस कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढें मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें घाटलें. त्या प्रवाहानें सूक्ष्म यंत्रांचीं मापें बिघडतील म्हणून समुद्रापलीकडे अलिबागेस, लोखंड टाळून, १९०४ सालीं नवी वेधशाळा उभारली. विजेच्या ट्रामगाड्या १९०७ सालीं धांवूं लागल्या. परंतु नवी जागा तयार झाली म्हणून जुनी लगेच मोडली नाहीं. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या व त्या ताडून पाहिल्या, म्हणून आज ती मालिका अखंड समजली जाते. इतकें झाल्यावर मागच्या बांकावरील एका मुलीनें हात वर केला. "सर, दोन जागचीं मापं जुळली नाहीत, तर दोष यंत्राचा की जागेचा, हे कसं कळणार?"

"अगदीं सोपें," आम्ही म्हणालों. "या जागेचें यंत्र त्या जागीं न्यावें, त्या जागेचें या जागीं आणावें. दोष यंत्राबरोबर गेला तर यंत्राचा. जागच्या जागीं राहिला तर..."

पुढचा शब्द आमच्या तोंडून निघेना. मुलांस वाटलें, सरांना ठसका लागला.

घरीं येतांच कपाटांतून तें कार्ड काढलें. आम्हीं वर्षापूर्वीं ज्याला निर्णायक प्रयोग म्हटलें होतें त्यांत कार्डाची जागा बदललीच नव्हती, विजेचें टोंकहि बदललें नव्हतें. एकाच वेळीं तीन आरोपी पिंजऱ्यांत उभे असतां आम्हीं ज्याचा चेहरा ओळखीचा होता त्याला शिक्षा दिली होती. चिरंजिवांनीं एक शब्द न बोलतां पेटी उघडली.

त्या मुलाचें कार्ड वरच्या स्लॉटांत, जवळच्या टोंकावर लाविलें. तीन तास खेळ चालला. कांहीं झालें नाहीं. नंतर आमचें निर्दोष समजलेलें कार्ड खालच्या स्लॉटांत, दूरच्या टोंकावर लाविलें. बाविसाव्या मिनिटास पडदा काळा. चिरंजिवांनीं आमच्याकडे पाहिलें व पुनः पेटीकडे पाहूं लागले. दोष कार्डाचा नाहीं हें येथेंच ठरलें. पण स्लॉटाचा कीं टोंकाचा? दुसऱ्या दिवशीं तेंच कार्ड, तोच खालचा स्लॉट, फक्त टोंक जवळचें: तीन तास ठीक. मग वरचा स्लॉट आणि दूरचें टोंक: अठरा मिनिटांत अंधार.

बॅटरी व भिंग घेऊन त्या टोंकाच्या आंत पाहिलें. आठ भोंकांपैकीं तिघांतील पत्रे काळपट-हिरवे झाले होते व एकावर पांढरी खार जमली होती. शेजारचें प्लॅस्टिक किंचित् करपलेलें. एका कार्डास भरकामाच्या वेळीं सुमारे १५० वॅट वीज लागते; त्यांतील फार तर ७५ वॅट स्लॉटांतून मिळते, उरलेली याच तारेनें यावयाची. पत्रा स्वच्छ असला तर ती सुखानें जाते. त्यावर गंज चढला कीं अडथळा उत्पन्न होतो, अडथळ्यानें उष्णता, उष्णतेनें आणखी गंज. वीस मिनिटांत सांधा इतका तापतो कीं कार्डास पुरेशी वीज पोंचत नाहीं आणि तें डोळे मिटतें. जवळचें टोंक कार्डांत घट्ट बसलेलें असल्यामुळें त्याच्या पत्र्यांना वाऱ्याचा स्पर्श झाला नव्हता. दूरचें टोंक उघडें लोंबत होतें. निसर्गच्या दुपारीं समुद्र त्याच्यांत शिरला, आणि पुढें दमट चादरींत आठवडेच्या आठवडे तो तेथें मुरला. आमच्या स्वतःच्या कार्डाच्या खोबणीस आतां, दोनच प्रयोगांनंतर, तसाच एक फिकट तपकिरी डाग पडला होता. डाग आपोआप पडत नाहीं.

या सर्वांवर उपाय काय? एसएमपीएसबरोबर आलेली दुसरी, स्वतंत्र केबल कोरी करकरीत प्लॅस्टिकच्या पिशवींत, पिशवी तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, खोकें आमच्या माळ्यावर. एक पैसा खर्च आला नाहीं. दोन कार्डांना दोन निरनिराळ्या केबली द्याव्या, एकीचीं दोन टोंकें वांटून देऊं नयेत, हें जाणकार लोक मुळापासून सांगत असतात; आम्हीं कोणाला विचारलेंच नव्हतें.

त्या रात्रीं दोन्ही कार्डें प्रथमच एकत्र अखंड चालली. जुन्या खेळांना बराच वेग आला. नव्या खेळांत मात्र दुसरें कार्ड स्वस्थ बसून राही. त्याचें कारण घरचें नव्हतें. प्रत्येक खेळाला जोडी कशी हांकावी याच्या सूचना ड्रायव्हरांत लिहाव्या लागतात, आणि एनव्हिडियानें १ जानेवारी २०२१ पासून अशा नव्या सूचना देण्याचें थांबविल्याचें सप्टेंबर २०२० मध्येंच जाहीर केलें होतें. त्यापुढें ती मेहनत खेळ रचणाऱ्यांनीं घ्यावी असें ठरलें, व त्यांतील फारच थोड्यांनीं ती घेतली. म्हणजे आम्हीं दिवाळींत जोडी लावली तेव्हां जोडीचे दिवस भरत आलेच होते. ज्या सुखासाठीं एवढें घडलें तें सुखच मुळीं पाव हिश्श्याचें होतें.

रविवारीं सकाळीं आम्ही पितापुत्र त्या मुलाच्या वाडींत गेलों. पडलेलीं खोडें केव्हांच उचललीं होतीं. केळी उभ्या होत्या, आणि त्यांच्या सांवलींत सुपारीचीं हातभर उंचीचीं रोपें. वडील आळें करीत होते. आम्हीं त्यांच्या पुढ्यांत उभे राहून, शाळेंत मुलांकडून जसें म्हणवून घेतों तसेंच, पुरें म्हटलें: कार्ड चांगलें होतें, दोष आमच्या तारेचा होता, आम्हीं तपास चुकीचा केला, आणि तुमच्या मुलाला खोटें म्हटलें. सात हजार रुपये व कार्ड त्यांच्यापुढें केलें. कार्ड आमचें नव्हेच, असें आम्हीं सांगितलें. त्या वर्षीं जगभर कार्डांचा तुटवडा पडून जुन्यांचेहि भाव चढले होते. तें त्या मुलाजवळ राहिलें असतें तर त्याला आम्हीं दिले त्याहून अधिक मिळाले असते, हेंहि आम्हीं दडविलें नाहीं.

वडिलांनीं हात धुतले. पैसे मोजले नाहींत, तसेच खिशांत घातले. म्हणाले, "मास्तर, पोरगा माझ्यापाशी एकदाही बोलला नाही कार्डाविषयी. मीच म्हणायचो, असेल रे बिघडलेलं, जाऊ दे. तो म्हणायचा, नाही." एवढें बोलून ते शहाळें काढावयास गेले.

तो मुलगा विहिरीपाशीं उभा होता. त्यानें आम्हांस नमस्कार केला. पण पाहात होता तो चिरंजिवांच्या हातांतील केबलीकडे. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "कुठल्या पिना?" चिरंजिवांनीं टोंक त्याच्या हातांत दिलें. त्यानें तें उन्हांत धरलें, एक डोळा मिटून आंत पाहिलें, नखानें एक पत्रा खरवडला. "आणि तुम्ही खोडरबर घासत बसलात!" तो म्हणाला, आणि चिरंजीव वर्षानंतर प्रथमच त्याच्यासमोर हंसले. आम्हांकडे वळून मात्र तो हंसला नाहीं. तो पुढें हंसला, पण त्यास आणखी कांहीं महिने लागले, आणि ते महिने लागावे हें योग्यच होतें.

दोघांचीं यंत्रें आतां दोन घरीं, प्रत्येकांत एकच कार्ड, अशीं चालतात. तें करपलेलें टोंक आम्हीं केबलीपासून कापून शाळेच्या शास्त्राच्या कपाटांत, चुंबकसूचीच्या पेटीशेजारीं ठेविलें आहे. मुलें तें हातांत घेऊन हुंगतात आणि त्याला अजून समुद्राचा वास येतो असें सांगतात. आम्हांस तो येत नाहीं.